टिंबापुढची तीन अक्षरं

"माणसानं बंद केलेली अशी एकही वस्तू या पृथ्वीच्या पाठीवर नाही, जी माणसाला उघडता येणार नाही!"

हे उद्गार कुलूपकाकांनी आपल्या सत्तराव्या वाढदिवशी सकाळी, एक मूठ टेबलावर आपटून काढले आणि दुसऱ्या हातातला बिस्किटांचा पुडा काकूंपुढे सरकवला.

"एवढा उघडून दे गं. ती लाल पट्टी कुठून सुरू होते तेच दिसत नाही."

काकूंनी पुडा दातांनी फोडला, दोन बिस्किटं नवऱ्याच्या बशीत ठेवली आणि उरलेली डब्यात टाकून झाकण घट्ट लावलं. सिद्धान्ताला धक्का लागू नये म्हणून त्या काही बोलल्या नाहीत.

काकांना असं बोलण्याचा हक्क नव्हता असं नाही. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं कुलूपकिल्ल्यांचं दुकान उभा जन्म चाललं. किल्ली हरवलेले, किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलेले, किल्ली कुलपातच मोडलेले आणि किल्ली खिशात असून रडत आलेले, अशा सगळ्यांना त्यांनी घरात पोचवलं होतं. एकदा तर भांडून आतून कडी लावून बसलेला एक नवरा त्यांनी दार न फोडता मोकळा केला. त्याला पाहून त्याची बायको म्हणाली, "तसंच बंद करून द्या, काय पैसे होतील ते देते." काकांनी ते कामही चोख केलं. हल्ली दुकान बंद होतं, पण किल्ली हरवली की लोक अजून काकांचंच दार वाजवायचे.

या विद्येचं मूळ घरातच होतं. काकांचे वडील गोदामात मालाच्या पेट्या ठोकायचे. कुणाला काही उघडं देणं हा त्यांना त्या वस्तूचा अपमान वाटे. वाढदिवसाला पोरांच्या हातात पडायची ती चहूबाजूंनी खिळे मारलेली पेटी, आणि वर उपदेश: "निम्मी भेट आत असते, निम्मी उघडण्यात असते." वडील गेले, पण त्यांची खोड दोन्ही मुलांत उतरली. काका आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे ताई, एकमेकांना वाढदिवसाला बंद भेट पाठवत. नियम ठरलेले. तोडायचं नाही, कापायचं नाही, फाडायचं नाही. बाकी कुणाचीही मदत घ्यावी, पण ज्यानं बंद केलं त्याला विचारायचं नाही. आणि दिवेलागणीच्या आत उघडलं नाही, तर फोन करून "हरलो" म्हणायचं.

हा शब्द आजवर दोघांपैकी कुणाच्याही तोंडून निघाला नव्हता. काकांनी अक्षरांच्या कुलपात अडकवलेली अंगठी ताईनं भाजी निवडता निवडता उघडली होती. ताईनं गळा, बाह्या, घेर सगळं शिवून टाकलेला सदरा काकांनी एकेक टाका उसवून मोकळा केला होता. ताई जन्माची शिंपीण. तिच्या हाताचा टाका उसवणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. काकांनी ते काढलं होतं, सुईनं, जिभेचं टोक बाहेर काढून.

यंदाचा संदेश चहा संपायच्या आत आला. काकांनी तो मोठ्यांदा वाचला.

"बारक्या, शंभर वर्षं जग. भेट संगणकावर पाठवली आहे. नियम तेच. दिवेलागणीच्या आत उघडलीस तर तुझं ऐकते, कायमची तुझ्याकडे राहायला येते. नाही उघडलीस तर तो विषय पुन्हा काढायचा नाही. ताई."

काकांनी चष्मा पुसला. हा विषय ते मेहुणे गेल्यापासून काढत होते. ताई दुसऱ्या गावात, उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर एकटी राहायची. तिथली लिफ्ट चालू असली तर बातमी व्हायची. गुडघे कुरकुरत होते. डोळे साथ देत नाहीत म्हणून शिवण सोडलं होतं. पण "तू ये" म्हटलं की "माझं मी बघते" हे उत्तर ठरलेलं. पालथ्या घड्यावर पाणी. आणि आज तीच म्हणत होती, येते.

"अगं, ताई येतेय!" काका ओरडले.

"येतेय नाही म्हणाल्या वन्सं. उघडलंत तर येईन म्हणाल्या."

"मग एकच झालं की!"

काकू हसल्या. नणंद कायमची राहायला यावी म्हणून डोळ्यांत प्राण आणून बसलेली भावजय शोधूनही सापडायची नाही. काकू मात्र तशा होत्या. एक तर ताईवर त्यांचा जीव होता. दुसरं म्हणजे, या माणसाला धाकात ठेवणं एकटीच्या आवाक्यातलं काम नाही, हे त्यांना लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं होतं. मागची खोली त्यांनी कधीच रिकामी करून ठेवली होती. गादी घालून, पडदे लावून. तिथे आजवर फक्त काकांची दुपारची झोप राहायला आली होती.

दोघं संगणकासमोर बसले. ई-मेलच्या टपालात ताईनं पाठवलेली फाईल होती. नाव "बारक्यासाठी". पुढे एक टिंब आणि टिंबापुढे तीन इंग्रजी अक्षरं: डी, एस, टी.

काकांनी तिच्यावर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर चौकट आली: ही फाईल कशानं उघडायची?

"बघ! मी याला विचारतोय आणि हा मलाच विचारतोय!"

"डीएसटी म्हणजे काय हो?"

"काही का असेना. कुलपाचं आडनाव विचारत बसलो असतो तर लोक अजून दाराबाहेर असते." काकांनी खुर्ची पुढे ओढली. "हे टिंबापुढचं जे आहे ना, हे किल्लीचे दाते. बसत नाहीत म्हणजे दाते चुकलेत. कानस मारायची, लावून बघायचं. पुन्हा कानस, पुन्हा लावून बघायचं. कधी ना कधी फिरतेच."

आणि त्यांनी फाईलच्या नावातली ती तीन अक्षरं खोडून फोटोची अक्षरं घातली. संगणकानं बजावलं, असं नाव बदललंत तर फाईल निकामी होईल. "कुलूपही सुरुवातीला असाच आव आणतं," काका म्हणाले आणि पुढे गेले.

फोटो दाखवणारं सॉफ्टवेअर म्हणालं, फोटो खराब आहे. मग काकांनी गाण्याची अक्षरं लावली. गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर उघडलं, पण तोंड मिटून बसलं. काका बराच वेळ कान लावून होते.

"काही ऐकू येतंय?" काकूंनी विचारलं.

"शांतता आहे. पण वेगळीच शांतता आहे."

"ती तुम्ही गप्प बसल्याची आहे."

मग त्यांनी लिखाणाची अक्षरं लावली, आणि काय आश्चर्य, कुलूप फिरलं! पडदा भरून मजकूर आला. चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटे स्वल्पविराम, शेपट्या तुटलेली अक्षरं, पुन्हा चौकोन. पानामागून पानं. काका खुर्चीतून उठून नाचायचेच बाकी राहिले.

"उघडली! बघ, काय लांबलचक पत्र आहे!"

काकूंनी वाकून पाहिलं. "वन्संचं अक्षर असं नव्हतं हो."

"सांकेतिक आहे. हा चौकोन म्हणजे घर. सारखा सारखा येतोय बघ. म्हणजे घरी येते, घरी येते, असं..."

"आणि ही प्रश्नचिन्हं?"

काका खाली बसले. "ती विचारतेय. जेवायला काय करणार."

पण मनात त्यांनाही कळलं होतं, की ही किल्ली फिरली नव्हती, नुसती भोकात गेली होती. दर वेळी नवी प्रत काढून त्यांनी आणखी दाते घासले. हिशेबाची अक्षरं, नकाशाची अक्षरं, सिनेमाची अक्षरं. पडद्यावर "बारक्यासाठी" नावाच्या एवढ्या फायली झाल्या, की बहुरूप्यांचा फड जमल्यासारखा दिसू लागला. त्यातली अस्सल कोणती, हे काकांनाच सांगता येईना.

"घालवली मी. ताईची भेट घासून घासून घालवली."

"कुठे घालवलीत?" काकू म्हणाल्या. "टपालात वन्संनी पाठवलेली तशीच आहे की. ती उतरवून घेते ताजी. आणि आता तुम्ही हात मागे बांधून बसा."

ताजी फाईल पेनड्राइव्हवर घेऊन दोघं कोपऱ्यावरच्या प्रिंटवाल्याकडे गेले. प्रिंटवाला जगातल्या सगळ्या फायलींचा तज्ज्ञ होता. विशेषतः उघडणाऱ्या.

"डीएसटी?" त्यानं ओठ बाहेर काढले. "काका, ही फाईल विमानाच्या इंजिनाची असणार."

"माझ्या बहिणीनं पाठवलीय. तिला गुडघे आहेत, इंजिन नाही."

"थांबा, आपल्याकडे एक सॉफ्टवेअर आहे. सर्वोद्घाटक. जगातली कुठलीही फाईल उघडतं."

हे सॉफ्टवेअर आपल्याकडे नव्हतं, ते आधी उतरवावं लागलं. उतरता उतरता त्यानं वाट पाहायला सांगितलं, मग वय विचारलं, मग वजन. नंतर खरोखरच एकेक उघडू लागलं. एक जाहिरात उघडली. तिच्यावर दुसरी उघडली. परगावचं हवामान उघडलं. छपाईची शाई संपल्याची सूचना उघडली. एक बाई उघडल्या आणि परक्या भाषेत हात जोडून काहीतरी विकू लागल्या. प्रिंटवाला एक बंद करी तोवर दोन येत. जगातलं सगळं उघडलं, फक्त ताईची फाईल तेवढी मिटून राहिली.

"आता हे बंद कसं करायचं?" काकूंनी विचारलं.

"तेच तर," प्रिंटवाला म्हणाला आणि भिंतीतली पिन उपटली.

दुपारी जेवताना काकांचा घास तोंडात फिरत होता. समोर मागच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि आतली गादी त्यांच्याकडे बघत होती. हरल्याचं त्यांना दुःख होतं असं नाही. खरं म्हणजे होतंच, पण ते जिरवता आलं असतं. तो विषय पुन्हा काढायचा नाही, हे मात्र जिरणारं नव्हतं. ताई शब्दाची पक्की. एकदा नाही म्हणाली, की तिच्या त्या वरच्या मजल्यावर तिचा चहा, तिचं वर्तमानपत्र आणि तिचे गुडघे. काकांनी ताट सरकवलं.

"फोन करतो तिला."

"अहो, नियम! बंद करणाऱ्याला विचारायचं नाही."

"विचारतोय कोण? वाढदिवसाला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद नको घ्यायला?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काकांचा हात कुणी धरला नसता. त्यांनी फोन लावला. पलीकडून ताईचा आवाज आला.

"बोल रे. हरलास?"

"छे! आशीर्वादासाठी केला. कशी आहेस?"

"सकाळी लिहिताना होते तशीच आहे. आणि विचारू नकोस, मी सांगायची नाही."

"विचारत नाहीच. सहज, हवापाणी... मागे आवाज कसला येतोय गं?"

मग ताई म्हणाली, "शेजारी खिळे ठोकतायत."

"असं होय."

"असंच. ठेवते मी. दिवे लागायला अजून वेळ आहे, पण तुझ्यासाठी कमी आहे." आणि तिनं ठेवला.

काका फोन हातात धरून तसेच बसले. मग हळूहळू त्यांचे कान उभे राहिल्यासारखे दिसू लागले. कुलूपवाल्याचं निम्मं काम कानानं होतं. आतली पिन उचलली गेली की नाही, दाता सरकला की नाही, डोळ्यांना दिसत नाही. ते ऐकायचं असतं.

"खिळे नाहीत ते," काका म्हणाले. "माझा बाप खिळे ठोकायचा. खिळ्याला दम घ्यावा लागतो. ठक. ठक. हे नुसतं टकटकटकटक, मग थांबलं. मग वळून पुन्हा टकटकटक. शिवणाचं मशीन आहे ते!"

"पण वन्संनी तर शिवण सोडलं. डोळ्यांमुळे."

"तेच तर. आणि हे पायानं चालवलेलं नाही. ताईचा पाय मला माहीत आहे. लहानपणी त्या आवाजावर झोपायचो मी. वळणावर ती हळू व्हायची. हे वळणावर हळू होत नाही. शिवतंय, पण शिवायला माणूसच नाही, असं काहीतरी आहे बघ."

काकूंनी ताटं गोळा करता करता हात थांबवला. "अस्साच आवाज बिल्लेवालीच्या दुकानापाशी येतो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सकाळपासून मी कुलूप काय प्रकारचं आहे ते बघतोय," काका हळूच म्हणाले. "केलंय कुणी, हे बघितलंच नाही. ताईनं केलंय. आणि ताई जन्मभर काय करत आली?"

उष्टी ताटं तशीच टाकून काकू घराबाहेर पडल्या, ही त्या घरच्या इतिहासातली पहिली वेळ.

बिल्लेवाली म्हणजे शाळांच्या गणवेशांवरचे, दवाखान्यांच्या डगल्यांवरचे आणि पहारेकऱ्यांच्या बाह्यांवरचे बिल्ले भरून देणारी बाई. दुकान एवढंसं, आणि त्यातली निम्मी जागा भरतकामाच्या यंत्रानं अडवलेली. डोक्यावर रंगीत दोऱ्यांच्या रिळांची रांग, खाली सुई, आणि सुईखाली कापड आपलं आपणच इकडेतिकडे पळत होतं. टकटकटकटक, थांब, वळ, टकटकटक. काकांनी डोळे मिटून ऐकलं. चेहऱ्यावर लग्नघरची सनई ऐकल्यासारखं समाधान पसरलं.

"हेच!"

"काय हेच?" बिल्लेवालीनं मान वर न करता विचारलं. "काका, पहारेकऱ्यांचे बिल्ले द्यायचेत मला. काही असलं तर उद्या या."

"उद्या माझा वाढदिवस नसतो हो." काकांनी पेनड्राइव्ह पुढे केला. "एकच सांगा. टिंब डीएसटी. ओळखीचं आहे?"

"रोजचं आहे. नक्षीची फाईल ती. सुईनं कुठून कुठे जायचं, ते त्यात असतं."

काकांनी काकूंचा हात एवढ्या जोरात दाबला, की बांगडी रुतली.

"मग उघडा ना! आत काय आहे ते दाखवा."

"दाखवणारा पडदा माझ्याकडे नाही. यंत्र जुनं आहे. ते बघत नाही, सांगत नाही, सरळ शिवतं. शिवून झालं की कळतं काय होतं ते." तिनं पेनड्राइव्ह खाचेत घातला आणि छोट्याशा खिडकीतले आकडे वाचले. "चांगली वीतभर आहे नक्षी. दोन रंगांची. कापड आणलंय?"

कापड कुणीच आणलं नव्हतं. दुकानातला तुकडा न् तुकडा पहारेकऱ्यांच्या नावे लागलेला. बाहेर उन्हं भिंतीवरून वर चढत होती. काकांनी क्षणभर विचार केला आणि अंगातला शर्ट काढला. पांढराशुभ्र, कोरा करकरीत, काकूंनी सकाळीच हातात ठेवलेला.

"अहो!" काकू किंचाळल्या. "इस्त्री मोडली नाही अजून त्याची!"

"बाई, खिशावर बसेल का?"

"वीतभर नक्षी खिशावर कशी बसेल? पाठीवर घ्यावी लागेल."

"घ्या पाठीवर. बहीण पाठीवरचीच असते," काका म्हणाले. खरं तर पाठीवर तेच आले होते, ताई थोरली होती. पण बनियनवर उभ्या माणसाशी कुणी वाद घातला नाही.

बिल्लेवालीनं शर्टाची पाठ चौकटीत ताणून बसवली. "रंग कोणते?"

"फाईलमध्ये असतील ना?"

"रंग नसतात त्यात. यंत्र नुसतं थांबतं आणि म्हणतं, बदला. कुठला, ते आपण ठरवायचं."

काय आहे ते माहीत नसताना त्याचा रंग ठरवायचा होता. काकूंनी रिळांवर नजर फिरवली आणि, शुभ असावं म्हणून, पोपटी निवडला. दुसरा लाल. बिल्लेवालीनं बटण दाबलं.

सुई धावली. आधी एक कमान उमटली.

"पूल," काका म्हणाले.

"छत्री," काकू म्हणाल्या.

"गप्प बसा," बिल्लेवाली म्हणाली. पण पहारेकऱ्यांचे बिल्ले बाजूला ठेवून तीही वाकली होती. "केलंय कुणी हे? हात चांगला आहे. खालचा आधार आधी घातलाय, कापड चुरगळणार नाही. वरचे टाके बघा कसे पडतायत."

"माझी ताई," काका म्हणाले, आणि बनियनमध्येही त्यांची छाती दोन बोटं फुगली.

कमानीला चार पाय फुटले. "टेबल!" काका म्हणाले. टेबलाला शेपूट आलं. मग कान आले, मग मिशा, मग विचकलेले दात. पाठीची कमान करून, केस पिंजारून, जगाला दम देत असलेलं एक मांजर काकांच्या शर्टावर उभं राहिलं. नखशिखांत पोपटी.

"आई गं," काकू म्हणाल्या. "शेवाळं आलंय त्याला."

काकांचा चेहरा उतरला. "चिडलेलं मांजर. म्हणजे ताई चिडलीय. येत नाही म्हणतेय."

यंत्र थांबलं. लाल दोरा. दुकानात ऊन राहिलं नव्हतं. बिल्लेवालीनं दिवा लावायला हात उचलला तसे काका ओरडले, "लावू नका! दिवेलागण होईल!"

"बाहेर लागल्यावर लागतात दिवे, माझ्या दुकानात लागल्यावर नाही," ती म्हणाली आणि खट्कन दिवा लावला.

आता मांजराच्या पायांशी अक्षरं उमटू लागली. वरची रेघ नसलेली, बोडक्या डोक्यांची. काका एकेक वाचू लागले. "ता... ई... ताईचा!" मग एक ट आला आणि त्याला काना लागला. "ताईचा टा..."

"टाटा," काकू कशाबशा म्हणाल्या. "वन्सं टाटा म्हणतायत हो."

सुई मात्र कुणाचं ऐकणारी नव्हती. तिनं कान्यावर चंद्रकोर काढली, शेजारी व घातला, त्यावर मात्रा दिली, ल वळवला. मग खाली उतरून दुसरी ओळ धरली. शेवटी दोन्ही ओळींच्या डोक्यावरून सपकन रेघ ओढली, आणि सगळी बोडकी अक्षरं एकदम टोप्या घालून उभी राहिली. बिल्लेवालीनं चौकट काढली, दोरे कापले आणि शर्ट काकांपुढे धरला.

ताईचा टॉवेल.
हात लावू नये.

काकांनी ते एकदा वाचलं. मग चष्मा वर करून वाचलं. बाहेर रस्त्यावरचे दिवे अजून लागले नव्हते. त्यांनी फोन लावला.

"ताई, उघडली."

"काय निघालं?"

"मांजर."

"आणि?"

काकांनी घसा साफ केला आणि भर दुकानात, बनियनवर, वक्तृत्वस्पर्धेच्या आवाजात वाचलं, "ताईचा टॉवेल! हात लावू नये!"

"ओरडू नकोस, ऐकू येतं मला. पहिल्या प्रयत्नात वाचलंस?"

पण वाचता वाचता काकांच्या डोक्यात काहीतरी हललं होतं. अगदी बारीक, पिन उचलली जावी तसं. एकट्या बाईच्या घरात टॉवेलवर नाव घालावं लागत नाही. त्याला हात लावणारं दुसरं कुणी त्या घरात असावं लागतं.

"ताई... म्हणजे तुझं आधीच ठरलं होतं?"

"उशांचे अभ्रे झाले, चादरी झाल्या. तू फोन केलास तेव्हा शेवटचा अभ्रा चालू होता, आणि विचारतोस काय, तर आवाज कसला येतोय. तुझा कान अजून शाबूत आहे म्हणायचा. गेलं वर्षभर शिकतेय मी हे. यात डोळे लागत नाहीत रे, यंत्रच बघतं."

"आणि मला उघडता आलीच नसती तर?"

"तर काय? मी स्वतः येऊन उघडून दाखवली असती."

काकांच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता की दुसरा कसला, हे बिल्लेवालीला कळलं नाही. ती पाठ करून रिळं लावू लागली. लावलेलीच होती, ती काढून पुन्हा लावू लागली. काकूंनी नवऱ्याच्या हातातून फोन जवळजवळ ओढून घेतला.

"वन्सं! कधी निघताय? खोली तयार आहे. पडदे धुतलेत. यांना दुपारी झोपायला मी बाहेरच्या बाकड्यावर पाठवते."

"बाकड्यावर नको, घोरतो तो, गल्ली उठेल," ताई म्हणाली. "रविवारी येते. आणि काय गं, मांजर काळ्या दोऱ्यानं काढलंत ना?"

काकूंनी शर्टाकडे पाहिलं. पोपटी मांजरानं त्यांच्याकडे दात विचकून पाहिलं. "काळंच म्हणायचं. जरा उजेडातलं काळं."

"टॉवेलवर छान दिसत असेल."

"टॉवेल... हो, आता टॉवेलवरही काढू."

"आता म्हणजे? आत्ता कशावर काढलंय?"

ज्याचं त्यानंच निस्तरावं म्हणून काकूंनी फोन काकांच्या कानाला लावला. काकांनी शर्ट अंगात चढवला, बटणं लावली आणि दुकानाच्या छोट्या आरशात मान वळवून पाठ पाहायचा प्रयत्न केला. बाहेर एकेक करून रस्त्यावरचे दिवे लागत गेले. जिंकलेला माणूस उंबऱ्यात उभा होता, पाठीवर बहिणीचा हक्क आणि हात न लावण्याची सूचना घेऊन. समोरून जाणारा प्रिंटवाला थबकला, त्यानं ती वाचली आणि आदरानं दोन पावलं लांबून गेला.

"ताई," काका म्हणाले, "बाबा असते ना आज, तर म्हणाले असते..."

"बारक्या, बाबांचं मग बोलू. आधी हे भरून देणाऱ्याला एक विचार. माझं यंत्र लहान आहे, जाड काही त्यात शिरत नाही. पायपुसण्यावर निघेल का म्हणावं? नुसतं मांजर चालेल."